धागा तुटल्याचं मागाला कळतं. का तुटला, ते?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात शिरलं की आधी कान बधिर होतात. पण मागापाशी उभा असलेला कामगार त्याच खडखडाटात फणीचा (आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या कंगव्याचा) ठोका जरा जड पडला तरी मान वळवतो. एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, कारखान्यात आली की या कानाचं पुढे काय होणार, याची मला काळजी वाटते.

धागा तुटला की थांबायचं, एवढं मागाला कधीच शिकवून झालंय. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये तयार केलेला स्वयंचलित माग हे करायचा. आजच्या मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर पातळ पोलादी पट्टी लोंबत असते. धागा तुटला की ती खाली पडते, विजेचा संपर्क जुळतो आणि माग बंद. म्हणूनच एका माणसाला अनेक माग सांभाळता आले, अन् बाकीच्यांचे हात रिकामे झाले.

हे ऑटोमेशन. नियम माणसाचा, यंत्र तो पाळतं. एआयचं तसं नाही. तेलाचा डाग, चुकलेला बाणा (आडवा धागा), विरळ पडलेले लूप यांची व्याख्या करणं कठीण. मग हजारो फोटो दाखवायचे, प्रत्येकावर ‘दोष’ किंवा ‘ठीक’ अशी खूण करायची आणि फरक प्रणालीनेच शोधायचा. कॅमेरा थकत नाही. त्यामुळे पहिली झळ चेकिंगच्या टेबलाला लागेल, असं मला वाटतं. आणि खुणा कोण करणार? चेकिंग करणारीच. तिच्या नजरेवर यंत्र तयार होणार असेल, तर त्या शिकवणीची मजुरी आणि पुढचं प्रशिक्षण तिला मिळालंच पाहिजे.

मागावरच्या माणसाचं काम इतक्या सहज जाणार नाही. तुटलेलं टोक हुडकायचं, गाठ मारायची, वहीच्या (उभे धागे वर-खाली करणाऱ्या मागाच्या भागाच्या) डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओवायचं. लोखंड उचलणाऱ्या रोबोटला हा लुळा धागा फार जड जातो. शिवाय कारण शोधायचं असतं. सूत कच्चं आहे, फणी झिजलीय, की हवा कोरडी? एप्रिलमधल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत सुती धाग्याची ताकद घटते, म्हणून शेडमध्ये ओलावा राखावा लागतो. कंपन आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर हेही हळूहळू शिकतील. पण माग थांबल्यावर काय केलं, याची नोंद त्यांना कुणीतरी द्यावी लागेल. ती आज कुठल्याच नोंदवहीत नाही. जुना कामगार नव्या पोराचा हात धरून मागाच्या चौकटीवर ठेवतो आणि म्हणतो, “बघ, थरथर वाढलीय.”