परकराखालची घडी

आजीच्या वाड्यात मागच्या अंगणात दोन दोऱ्या होत्या. एक सगळ्यांची. दुसरी न्हाणीघराच्या आडोशाला, भिंतीला लागून. तिच्यावर कायम एखादा परकर वाळत असायचा आणि वाळून कडक झाला तरी तो काढायची कुणाला घाई नसायची. पुष्कळ वर्षांनी कळलं की वाळायला घातलेलं असायचं ते परकराच्या खाली, जुन्या सुती लुगड्याची फाडून केलेली घडी. परकर नुसता पडदा. म्हणजे ऊन मिळायचं ते परकराला, आणि घडीच्या वाट्याला सावली.

पाळीसाठी पॅड सोडून कापडाकडे किंवा कपाकडे (योनीमार्गात बसवायची, रक्त साठवणारी लहानशी मऊ वाटी) वळावं का, असं मैत्रिणी, भाच्या विचारतात तेव्हा मला आधी ती दुसरी दोरी आठवते. या विषयातलं निम्मं विज्ञान तिच्यावरच टांगलेलं आहे.

बाजारातलं पॅड उलगडून पाहिलं तर त्यात तीन मुख्य थर दिसतात. वरचा मऊ थर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा, खालचा न गळणारा पॉलिथिनचा, आणि मधे लाकडाचा लगदा व सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाची पावडर. ही पावडर स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी धरून जेलीसारखी फुगते. मात्र पाण्यात मीठ आलं की तिची ताकद झपाट्याने उतरते, आणि रक्तात तर मिठाबरोबर प्रथिनं आणि पेशीही असतात. जाहिरातीतलं ते निळं पाणी ज्या सहजतेने शोषलं जातं, त्या सहजतेने रक्त शोषलं जात नाही.

गंमत म्हणजे रक्तासाठीची ही साधनं रक्त वापरून तपासण्याचं फारसं कुणाच्या मनात आलं नव्हतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन आरोग्य व विज्ञान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मुदत संपलेल्या लाल रक्तपेशी घेऊन २१ साधनं मोजली. पाळीची डिस्क, म्हणजे कपासारखीच आत बसवायची पसरट चकती, सरासरी ६१ मिलिलिटर रक्त धरते असं आढळलं, तर पाळीची खास अंडरवेअर जेमतेम २. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि ८० च्या वर गेलं तर ते अतिरक्तस्राव मानतात, हे लक्षात घेतलं की त्या २ चा अर्थ कळतो. अशी अंडरवेअर शेवटच्या दिवसांना ठीक, दुसऱ्या दिवसाला नाही. तिची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत एका नावाजलेल्या ब्रँडच्या अंडरवेअरमध्ये पीएफएएस ही निसर्गात सहजी विघटन न होणारी रसायनं असल्याचा दावा झाला आणि ते प्रकरण २०२३ मध्ये कंपनीने तडजोड करून मिटवलं. ‘पुन्हा वापरता येतं’ एवढ्यावरून कोणतीही वस्तू सोवळी ठरत नाही.

वापरलेलं पॅड आपल्यापुरतं कागदात गुंडाळून संपतं, पण कचरा वेचणाऱ्या बाईसाठी ते तिथून सुरू होतं. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३ मध्ये वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. तुमचा माल, तुम्हीच उघडून बघा. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅडसोबत गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पुण्यात पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीमही झाली, म्हणजे हाताळणारीला आत काय आहे ते उघडण्याआधी कळावं. ठिपक्याने हात वाचतात. आतलं प्लास्टिक मात्र आपल्या पतवंडांपर्यंत टिकणारच.

आता कापड. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजला पाण्याची ओढ आणि तंतू आतून पोकळ, त्यामुळे ओल आत खेचली जाते. पण कोऱ्या कापडावर खळ असते, कापसाचं स्वतःचं मेणही असतं, म्हणून नवं कापड आधी ओल झटकतं. पाच-सहा धुण्यांनंतर ते खरं कामाला लागतं. वापरून वापरून विरलेलं लुगडं या कामाला उत्तम असायचं ते उगाच नाही. माझं तर असं मत आहे की कापडाची परंपरा मोडली त्यात जाहिरातींइतकाच वाटा पॉलिस्टरच्या साड्यांचा आहे. फाडायला सुती लुगडंच उरलं नाही, आणि पॉलिस्टरच्या घडीवरून रक्त नुसतं ओघळतं. आज मिळणारी शिवलेली कापडी पॅडं ही त्याच घडीची सुधारलेली आवृत्ती. आत सुती थर, खाली न गळणारा पातळ थर, बाजूला बटणं.

धुण्याचा नियम अंड्याचं भांडं घासणाऱ्या कुणालाही ठाऊक असतो: आधी गार पाणी. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठून धाग्याला घट्ट चिकटतात आणि डाग जन्माचा होतो. गार पाण्यात अर्धा तास भिजवावं, ते पाणी ओतून द्यावं, मग साबण. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य अजिबात घालू नये, कारण ते धाग्यावर तेलकट लेप चढवतं आणि शोषण्याची ताकद घालवतं.

आणि मग वाळवणं. इथे पुन्हा ती दोरी येते. ओडिशातल्या रुग्णालयांमध्ये आलेल्या ५५८ स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कँडिडा या बुरशीचा संसर्ग जास्त दिसला. एवढंच वाचलं तर कापड बदनाम होतं. पण संशोधकांनी पुढचा प्रश्नही विचारला होता: वाळवता कुठे, ठेवता कुठे? घरात वाळवणाऱ्या आणि कापड संडासात लपवून ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये हा संसर्ग अधिक होता. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे खरं. तरी बुरशीला ओल आणि अंधार मानवतो हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाट उघडलं तरी पुरे. सूर्याचे अतिनील किरण जंतूंच्या डीएनएची मोडतोड करतात, आणि ऊन कापडातलं शेवटचं पाणीही ओढून घेतं. यातलं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. कोकणात आषाढात ऊन कुठून आणणार? तेव्हा गरम इस्त्री, दोन्ही बाजूंनी, कापड पूर्ण कोरडं होईपर्यंत.

आजीच्या त्या घडीत वाईट काही नव्हतं. तिच्यावरचा परकर वाईट होता.

कपाचं गणितच वेगळं, कारण तो काही शोषत नाही, फक्त साठवतो. लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ मध्ये रबरी कपाचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात रबर दुर्मीळ झालं आणि तो धंदा बसला. आजचे बहुतेक कप वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचे असतात. सिलिकोनचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या साखळीचा असतो. ही साखळी उकळत्या पाण्याला दाद देत नाही, म्हणून तोच कप दर महिन्याला उकळून वर्षानुवर्षं वापरता येतो.

घडी घालून आत सरकवला की कप उमलतो आणि योनीमार्गाच्या भिंतींना टेकून बसतो. काठाजवळच्या बारीक छिद्रांमुळे हवेचा दाब सांभाळला जातो. काढताना नुसतं देठ धरून ओढलं की चोखणी लागल्यासारखं होतं. आधी तळाशी चिमटीत दाबून आतली पकड सोडवायची, मग हळूच बाहेर. हे समजायला मला तीन पाळ्या लागल्या. पहिल्या खेपेला मी न्हाणीघरात अर्धा तास घामाघूम होऊन बसले होते, आणि ‘हरवला’ असं वाटून रडू यायचं बाकी होतं. कप हरवत नाही. योनीमार्गाच्या टोकाला गर्भाशयमुख असतं, पलीकडे जायला वाट नाही.

‘दि लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली कपावरच्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. एकूण ३,३१९ स्त्रिया आणि मुली. कपाची गळती पॅड किंवा टॅम्पॉन (योनीमार्गात बसवायचा शोषक बोळा) यांच्याइतकी किंवा त्याहून कमी, आणि ज्या अभ्यासांत हा प्रश्न विचारला होता त्यांतल्या सुमारे ७३ टक्के जणींना सवय झाल्यावर कप चालू ठेवायचा होता. टॉक्सिक शॉक सिंड्रोमची पाच प्रकरणं सापडली. हा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या विषामुळे होणारा, विरळा पण गंभीर आजार. १९८० मध्ये अमेरिकेत जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे तो गाजला होता. कपात त्याचा धोका अगदी थोडा आहे, तरी हात धुणं, पाळीच्या आधी कप उकळणं आणि बारा तासांच्या आत तो रिकामा करणं हे सोडू नये. पाळीत अचानक जोराचा ताप, अंगावर पुरळ, चक्कर असं झालं तर कप काढून थेट डॉक्टरकडे. ज्यांनी तांबी बसवली आहे त्यांनी कप घेण्याआधी डॉक्टरशी बोलावं. पकड न सोडता कप ओढला तर तांबीही सरकू शकते.

मग दबक्या आवाजात येतो तो प्रश्न: लग्न न झालेल्या मुलीने वापरला तर? योनिपटल हा दाराला लावलेला पापुद्रा नव्हे. ती कडेची लवचीक झालर असते, प्रत्येकीची वेगळी, आणि तिच्यावरून कुणाच्या शरीरसंबंधांबद्दल काहीही सांगता येत नाही. कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं. त्याच वर्षी आपल्याकडे कंजारभाट समाजातली तरुण मुलं-मुली या चाचणीविरुद्ध उभी राहिली होती. कपाने झालर ताणली जाऊ शकते, क्वचित थोडी फाटूही शकते. त्यात लपवण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते २४ वयाच्या ६४ टक्के जणींनी सॅनिटरी नॅपकिन सांगितलं, ५० टक्के जणींनी कापड (अनेकजणी दोन्ही वापरतात), आणि कप अवघ्या ०.३ टक्के. केरळने मात्र ही गोष्ट एकेका बाईवर सोडली नाही. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी या गावात ५ हजारांहून अधिक कप वाटले गेले, वापर समजावून सांगणारी प्रशिक्षणं झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये गाव ‘सॅनिटरी नॅपकिनमुक्त’ जाहीर झालं. कप वाटणं सोपं आहे. पहिल्या तीन पाळ्यांत विचारायला कुणीतरी जवळ असणं हा खरा खर्च.

तरीही सगळ्यांना सरसकट ‘बदला’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा विचार करा. फडाच्या कडेला पालाची खोपटी, पाणी दुरून आणायचं, आडोसा नाही, आणि एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या आकड्यामागे खासगी दवाखाने आहेत, कर्ज आहे, आणि पाळीची अडचण नको हे कारणही आहे. कापड धुवायला बादलीभर पाणी लागतं, ते तिच्याकडे नाही. कपाला तांब्याभर पुरतं आणि पहाटे बसवला की फडात दिवसभर बघावं लागत नाही, त्यामुळे कागदावर कप तिच्यासाठीच बनवल्यासारखा दिसतो. पण तो रिकामा करायला चार भिंती हव्यात, हात धुवायला साबण हवा, अंगावरून जात असेल तर तपासायला डॉक्टर हवा. कप हे यातलं काहीच आणत नाही.

मी स्वतः दोन्ही वापरते. दिवसा कप, रात्री कापडी पॅड. पॅडं गॅलरीत, उशांच्या अभ्र्यांशेजारी, उघडी वाळत घालते. सुरुवातीला एकदा पलीकडच्या गॅलरीतून शेजारच्या काकूंनी विचारलं, “बाळाची लंगोटी का गं? कोण आलंय?”

“नाही काकू, माझी आहेत. पाळीची.”

त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “अगं, मग त्या टोकाला घाल ना. इथे चारनंतर ऊन नसतं.”