नदीमुख परिसंस्था

नदी समुद्राला मिळते तेथील मचूळ पाण्यात राहणाऱ्या वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीवांची व्यवस्था. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेले नागपूरही तिच्याशी पाण्याने जोडलेले आहे. नाग नदी कन्हानला मिळते. पुढे वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करून हे पाणी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. या मुखाशी काकीनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्य आहे.

समुद्राच्या दर हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार असतात. नदीमुखात हा आकडा भरती-ओहोटीबरोबर एका दिवसातही बदलतो. जड खारे पाणी तळाने आत शिरते, गोडे त्यावरून वाहते. पावसाळी पुरात समुद्र मागे रेटला जातो, उन्हाळ्यात तो पुन्हा आत येतो. अंगातील क्षारांचा तोल सांभाळणे थोड्याच जातींना साधते, पण ज्यांना साधते त्यांची तेथे दाटी होते. खाद्य मुबलक असते आणि वाटेकरी कमी.

तिवराची झाडे जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतात आणि चिखलातून वर काढलेल्या मुळांनी हवा घेतात. त्यांची गळलेली पाने जिवाणू व बुरशी कुजवतात. हा कुजका चुरा म्हणजे झिंगे, खेकडे व लहान माशांचे अन्न. निवट्या हा मासा चिखलावर उड्या मारतो. कोरिंगात मासेमार मांजर आणि पाणमांजरही आहे.

गोदावरीतला मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनाय हा मोठा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, त्याच्या डिंभांना, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या जिवांना, मात्र मचूळ पाणी लागते. पिल्ले मग प्रवाहाविरुद्ध वर चढतात. धरणे व बंधारे ही वाट अडवतात, शिवाय मुखाकडे जाणारा गाळही रोखतात. तिवरासारखी खारफुटी याच गाळावर उभी असते. त्यामुळे वरच्या खोऱ्यातील पाणी-नियोजनात नदीमुखाचा विचार केवळ सौजन्य म्हणून करून भागत नाही.

नागपूरच्या शेजारी, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळखडकांत निपा या पामची जीवाश्म फळे सापडली आहेत. आजचा निपा भरतीच्या मचूळ चिखलात वाढतो. म्हणून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एखादा फाटा या भागाजवळ आला असावा, असे काही पुरावनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.