फुटबॅग

फुटबॅग : तळहातात मावणारी, दाण्यांनी किंवा वाळूने सैल भरलेली पिशवी हात न लावता, मुख्यतः पावलांनी, हवेत खेळवत ठेवण्याचा क्रीडाप्रकार. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात १९७२ मध्ये त्याचा उगम झाला. दोन मित्रांच्या विरंगुळ्यापासून नियम, मापे, गुणपद्धती आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथपर्यंतची त्याची वाटचाल एका पिढीच्या आत झाली. त्यामुळे नव्या खेळाची संघटनात्मक घडण कशी होते याचा अभ्यास करणाऱ्यास तो विशेष उपयुक्त आहे.

उगम : पायाने वस्तू उडवण्याचे खेळ आशियात फार जुने आहेत. चीनमध्ये पिसे लावलेली चकती पायाने उडवण्याचा ज्येनझी हा खेळ हान राजवटीइतका जुना असल्याचे परंपरेने सांगितले जाते. चुजू हा चिनी चेंडूचा खेळ त्याहूनही आधीचा मानतात. जपानमधील केमारी आणि मलाय जगतातील वेताच्या चेंडूचा खेळ हे याच जातकुळीतले. काही लेखक या खेळांना फुटबॅगचे पूर्वज ठरवतात, तर काही उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या पायखेळांशी तिचा संबंध जोडतात. हालचालींतील साम्य उघड आहे. परंतु एका खेळातून दुसरा निघाला असे दाखवणारा सलग दुवा नाही. आशियाई खेळांत वापरली जाणारी पिसांची चकती किंवा वेताचा चेंडू हलका आणि उसळणारा असतो, तर फुटबॅग पायावर पडताच निपचित राहावी अशीच बनवलेली असते. साधनाचा गुणधर्मच उलटा असल्याने, हे सारे खेळ चुलतभावंडे असून आधुनिक फुटबॅगची वंशावळ ऑरेगनपासूनच मोजावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ऑरेगन सिटी येथे माइक मार्शल हा तरुण स्वतः शिवलेली दाण्यांची पिशवी पायाने उडवत असे. १९७२ मध्ये त्याची जॉन स्टालबर्गरशी गाठ पडली. स्टालबर्गरच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली होती आणि पाय पुन्हा मोकळा करण्यासाठी त्याला सोप्या व्यायामाची गरज होती. पिशवी उडवताना मांडी बाहेरच्या बाजूस वळते, गुडघा दुमडतो आणि दोन्ही पायांवर सारखा भार येतो. व्यायाम म्हणून हे त्याला मानवले. दोघांनी मिळून पिशवीचे निरनिराळे नमुने करून पाहिले आणि ‘हॅकी सॅक’ या नावाने त्या विकायचे ठरवले. १९७५ मध्ये मार्शल हृदयविकाराने ऐन विशीत मरण पावला. पुढचे काम स्टालबर्गरने एकट्याने रेटले आणि खेळ टिकला तो मुख्यतः या चिकाटीमुळे.

साधन : सुरुवातीची विक्रीची पिशवी चामड्याच्या दोन तुकड्यांची, आत प्लॅस्टिकचे दाणे भरलेली होती. या रचनेचे पेटंट स्टालबर्गरला १९७९ मध्ये मिळाले. दोन तुकड्यांची पिशवी टिकाऊ आणि काहीशी चपटी असते. पुढे कौशल्यप्रदर्शनाच्या प्रकारासाठी अनेक तुकड्यांच्या पिशव्या आल्या. त्यांपैकी ३२ तुकड्यांची, फुटबॉलप्रमाणे पंचकोन व षटकोन जोडून हाताने शिवलेली पिशवी सर्वांत रुळली. तिचे कापड कृत्रिम स्वेडचे असते आणि भरण मुद्दाम अपुरे ठेवतात. नवी पिशवी ताठ असते. काही दिवस खेळल्यावर कापड मऊ पडते, दाणे आत सरकू लागतात आणि मग ती पावलाच्या वळणावर बसते. जाळ्यावरील खेळात मात्र वेग हवा असल्याने पिशवी घट्ट आणि कडक असते.

संघटना : स्टालबर्गरने शाळाशाळांत प्रात्यक्षिके दिली. पावलाची आतली बाजू, बाहेरची बाजू, पाठीमागून, गुडघा आणि बोटे असे पाच मूलभूत फटके ठरवून ते शिकवण्याची पद्धत बसवली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय हॅकी सॅक संघटना उभी राहिली. तिचा पाया व्यापारी होता, कारण पिशवीचा उत्पादक आणि खेळाचा प्रचारक एकच होता. १९८३ मध्ये ‘हॅकी सॅक’ हे व्यापारचिन्ह व्हॅम-ओ या खेळणी कंपनीकडे गेले. त्याच सुमारास ब्रूस गेटिच आणि ग्रेग कॉर्टोपासी यांनी जागतिक फुटबॅग संघटना स्थापन केली. खेळाला उत्पादनाचे नाव न देता ‘फुटबॅग’ हे सर्वसाधारण नाव रूढ करणे, हा या टप्प्यावरील सर्वांत दूरगामी निर्णय म्हटला पाहिजे. त्यामुळे कोणत्याही कारागिराची पिशवी स्पर्धेत चालू लागली. १९९० च्या दशकात खेळाडूंनीच चालवलेली आंतरराष्ट्रीय फुटबॅग खेळाडू संघटना पुढे आली. नियमपुस्तिका तिच्याच समितीकडे असते.

प्रकार : गोल करून पिशवी एकमेकांकडे देत राहणे हा सर्वपरिचित प्रकार स्पर्धात्मक नाही. त्यातही संकेत आहेत : पहिली फेक स्वतःसाठी न करता दुसऱ्याला द्यायची आणि पिशवी पडली तर माफी मागत बसायचे नाही.

जाळ्यावरील फुटबॅग बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढ्या, म्हणजे ४४ × २० फूट जागेत खेळतात. जाळे ५ फूट उंच असते. गुडघ्याच्या वर स्पर्श झाल्यास तो दोष धरला जातो. एकेरीत पिशवी परतवण्यासाठी दोन स्पर्श, तर दुहेरीत तीन मिळतात. दुहेरीत जोडीदारांनी ते आळीपाळीने करायचे असतात.

फ्रीस्टाइलमध्ये खेळाडू संगीतावर रचलेला कार्यक्रम सादर करतो. येथे अडचण होती ती मोजमापाची. ‘ॲड’ पद्धतीने ती बऱ्याच अंशी सुटली. प्रत्येक चालीचे घटक पाडून प्रत्येकास एक गुण देतात : पिशवी पायावर थोपवणे, हवेतल्या पिशवीभोवती पाय फिरवणे, एक पाय दुसऱ्यामागे नेऊन आडवा झेल घेणे, शरीराची गिरकी किंवा डोके वाकवणे, आणि अनपेक्षित भागावर झेलणे. पिशवी बोटांवर नुसती थोपवली तर एक गुण. ‘क्लिपर’मध्ये पाय उभ्या पायामागून पलीकडे काढून पावलाच्या आतल्या बाजूवर पिशवी थोपवतात, त्याचे दोन. त्याआधी पिशवीभोवती पाय फिरवला की ती ‘बटरफ्लाय’ होते आणि तीन गुण मिळतात. पद्धत काठिण्य नेमके मोजते, लालित्य मात्र मोजत नाही. म्हणून परीक्षक सादरीकरणाचे गुण वेगळे देतात. जाळे आणि फ्रीस्टाइल या दोन्हींत अव्वल ठरलेल्यांत केनी शुल्ट्स या अमेरिकी खेळाडूचे नाव प्रथम घ्यावे लागेल.

सलग फटक्यांचा प्रकार सर्वांत जुना आहे. टेड मार्टिनने १४ जून १९९७ रोजी इलिनॉय राज्यात ८ तास ५० मिनिटे ४२ सेकंदांत ६३,३२६ सलग फटके मारले. म्हणजे सुमारे नऊ तास सेकंदाला जवळजवळ दोन. स्त्रियांत कॉन्स्टन्स कॉन्स्टेबलने १९९८ मध्ये २४,७१३ फटके नोंदवले. फुटबॅग गोल्फ हा आणखी एक प्रकार आहे. त्यात कमीत कमी फटक्यांत पिशवी ठरलेल्या लक्ष्यात टाकतात.

प्रसार : १९९० च्या दशकाअखेरपर्यंत जागतिक स्पर्धा उत्तर अमेरिकेतच होत. त्यानंतर प्राग, हेलसिंकी, बर्लिन आदी शहरांत त्या भरू लागल्या आणि फ्रीस्टाइलचे केंद्र युरोपकडे सरकले. झेक प्रजासत्ताकाच्या वात्स्लाव क्लोउडाने या काळात अनेकदा जागतिक विजेतेपद मिळवले. झेक प्रजासत्ताकाखेरीज फिनलंड, पोलंड आणि जर्मनी येथेही खेळाडूंची मंडळे आहेत.