सागाची काटकसर, माणसाची तिजोरी

शिमग्याच्या आधी पेठ-सुरगाण्याकडे गेलात तर सागाच्या रानात पाऊल टाकाल तिथे पापडासारखी पानं वाजतील. एवढी मोठाली पानं, आणि ती अशी मातीत फेकून द्यायची? बघणाऱ्याला उधळपट्टीच वाटते. पण साग पान सोडतो तो त्यातलं घेण्याजोगं बहुतेक काढून घेतल्यावरच.

पानातल्या नत्राचा मोठा भाग हरितलवकांतल्या प्रथिनांत अडकलेला असतो. पाणी कमी पडायला लागलं की आधी हरितद्रव्य मोडलं जातं, त्याला धरून बसलेली प्रथिनं सुटी होतात, त्यांची अमिनो आम्लं होतात आणि देठातून फांदीत, खोडात परत येतात. पान पिवळं दिसतं ते याच दिवसांत. पिवळा रंग आधीपासून होताच, हिरव्याखाली झाकलेला. स्फुरदाचीही, म्हणजे फॉस्फरसचीही, अशीच वसुली होते. जगभरच्या झाडांची सरासरी काढली तर पान गळण्यापूर्वी त्यातलं निम्मं किंवा त्याहून अधिक नत्र आणि स्फुरद झाडाकडे परत गेलेलं असतं. कॅल्शियम पेशीभित्तिकांत पक्कं बसलेलं, ते तिथेच राहतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो, मागची जखम बुजते आणि पान सुटतं.

याला कंजुषी म्हणायचं तर म्हणा. फक्त हे वाचवलेलं नत्र पुढच्या पालवीत लगेच खर्ची पडतं. त्याच्यावर कुणी नाग होऊन बसत नाही. बांडगुळाची तऱ्हा वेगळी. जिथे त्यांचा अभ्यास झाला आहे तिथे बांडगुळाची गळलेली पानं यजमान झाडाच्या पानांपेक्षा जास्त सत्त्व घेऊन पडताना आढळली. दुसऱ्याच्या ताटात जेवणाऱ्याला कसली आलीय काटकसर!

म्हणून झाडं साधुसंत ठरत नाहीत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगायला नको. जमिनीत पालाश (पोटॅशियम) भरपूर असला की वेल गरजेपेक्षा जास्त उचलते. शास्त्रज्ञांनीही याला नाव दिलंय ‘लक्झरी कन्झम्प्शन’, म्हणजे सरळ चैनच. देठ परीक्षणाच्या अहवालात पालाशाचा आकडा वर चढतो, माल मात्र तेवढाच निघतो. वर दंडही बसतो: जादा पालाशापुढे मॅग्नेशियम उचलणं वेलीला जड जातं आणि जुनी पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडू लागतात.

साठ्याला दंड असतो, हे प्राण्यांत आणखी स्पष्ट दिसतं. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळा काढून उत्तरेकडे परतणारे पक्षी निघण्याआधी अंगावर चरबी चढवतात. चरबी सोयीची, कारण एका ग्रॅममागे सुमारे ९ किलोकॅलरी, पिष्टात ४च. पण ती अंगावर वागवावी लागते, आणि जड पक्षी झटकन उडू शकत नाही. ब्रिटनमध्ये कीटकनाशकांमुळे आपल्या शिक्र्याचा भाऊबंद स्पॅरोहॉक हा शिकारी पक्षी अनेक भागांतून नाहीसा झाला, तेव्हा ग्रेट टिट नावाचे छोटे पक्षी वजनदार झाले. स्पॅरोहॉक परतला तसे ते पुन्हा सडसडीत झाले. किती साठवायचं हे नुसत्या भुकेवर ठरत नाही, मागे कोण लागलंय यावरही ठरतं.

कांदाही साठाच आहे. पहिल्या हंगामात पानांच्या बुडाशी साखरा साठवायच्या आणि पुढच्या हंगामात त्या डेंगळ्यात (फुलाच्या दांड्यात), फुलांत, बियांत संपवायच्या, हा त्या झाडाचा बेत. मध्येच आपण तो उपटून चाळीत भरतो. चाळीतला उन्हाळ कांदा भाव वाढेल म्हणून धरून ठेवणारा शेतकरी कंजूष नव्हे. त्याला मुदत माहीत असते, कारण कांदा वजनात घटतो, सडतो, कोंब काढतो. लासलगावचा भाव काहीही असो, कधीतरी चाळ रिकामी करावीच लागते.

पैशाने ही सगळी बंधनं काढून टाकली. बँकेतल्या आकड्याला कोंब फुटत नाहीत, तो अंगावर वागवावा लागत नाही, उलट त्यावर व्याज चढतं. महागाई तो कुरतडते खरी, पण डोळ्यांना दिसत नाही. साठवणं थांबवणारी खूणच उरली नाही, तर कवडीचुंबक थांबणार कुठे?

बरं, त्याला साठवण्यात सुख वाटत असेल असं आपण धरून चालतो. संशोधन वेगळंच सांगतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत खरेदी करणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला हा भाग जास्त सक्रिय होताना दिसला. वेदना आणि किळस या अनुभवांशी त्याचा संबंध आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत उधळ्यांपेक्षा चिक्कू जास्त निघाले, साधारण ३ला २. त्यातल्या चिक्कूंना, जेवढा खर्च करावा असं स्वतःलाच वाटतं तेवढाही करवत नव्हता. याच अभ्यासातल्या एका प्रयोगात ५ डॉलरच्या शुल्काआधी नुसता ‘लहानसे’ हा शब्द जोडला. रक्कम तीच, पण पैसे काढायला तयार होणारे चिक्कू वाढले. उधळ्यांना त्या शब्दाने फारसा फरक पडला नाही.