मारलं आणि डावणी थांबली

तासगाव, सावळज, मणेराजुरी या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की बोलणं एकाच गोष्टीचं: डावणी, म्हणजे द्राक्षवेलींवरचा रोग. पानावर तेलकट डाग, उलटून पाहावं तर खाली पांढरी लव. आणि कुणीतरी हमखास सांगतं, ‘मी अमुक औषध मारलं, डावणी जागेवर थांबली.’ संध्याकाळपर्यंत तोच डबा शेजारच्या बागेत पोचतो.

विज्ञानात याला ‘ॲनेक्डोटल एव्हिडन्स’, म्हणजे किस्सेवजा पुरावा म्हणतात. सांगणारा थापा मारतोय असा त्याचा अर्थ नाही. औषध मारलं हे खरं, रोग थांबला हेही खरं. पण औषधामुळेच थांबला का, हे त्यातून कळत नाही.

डावणीत तर हा घोळ हमखास होतो. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत पर्णरंध्रांपर्यंत जातात. पान काही तास ओलं राहिलं तरच लागण. फवारणीची धावपळ होते ती पावसाळी हवेत, धास्ती शिगेला पोचल्यावर. मग ढग पांगतात, पानं सुकतात, नवी लागण आपसूक मंदावते, आणि श्रेय जातं डब्याला. टाकीत दोन-तीन औषधं एकत्र असतील तर विचारायलाच नको. शिवाय तेच औषध मारूनही ज्याची बाग गेली, तो चहाच्या गाड्यावर ते सांगत बसत नाही.

म्हणून किस्से फेकून द्यायचे? मुळीच नाही. आपलं बोर्डो मिश्रण, म्हणजे डावणीवर मारायचं मोरचूद-चुन्याचं औषध, किश्शातूनच आलं. 1882 मध्ये फ्रान्सच्या मेडॉक भागात वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांना दिसलं, की डावणीनं बागा झडल्यात, पण रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत आहेत. चौकशीत कारण भलतंच निघालं: येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. आता, कडेला वारा-ऊन जास्त, म्हणून तिथं रोग कमी, असंही असू शकलं असतं. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ यांना सोबत घेऊन प्रयोग केले, फवारलेल्या वेली न फवारलेल्यांशी ताडून पाहिल्या आणि 1885 मध्ये निष्कर्ष छापले.

आपल्या बागेतही हे जमतं. नेहमीच्या फवारण्या सगळीकडे चालू ठेवायच्या. नवं औषध तेवढं काही वेलींवर मारायचं नाही. त्या वेली बांधाकडेच्या नकोत, बागेच्या मधल्या हव्यात, आणि एकाच ठिकाणच्या न घेता विखुरलेल्या घ्याव्यात. डाग मोजायला मात्र असा माणूस लावावा, ज्याला कोणत्या वेली सोडल्यात हे ठाऊक नाही.