कपाटाखालचा दिवा: हाताचा सेन्सर की पीआयआर?

ओट्यावरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लावायची ठरली की सुतार किंवा इलेक्ट्रिशियन विचारतो, "सेन्सर टाकायचा ना?" आपण हो म्हणून मोकळे होतो. पण सेन्सर या नावाखाली दोन निराळ्या वस्तू मिळतात. एकीसमोर हात फिरवला की दिवा लागतो, पुन्हा फिरवला की विझतो. दुसरी, म्हणजे पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर, माणसाची चाहूल लागताच दिवा लावते आणि हालचाल थांबली की थोड्या वेळाने आपणच विझवते. एकीच्या जागी दुसरी बसली की घरातले म्हणतात, सेन्सर बिघडला. बऱ्याचदा तो बिघडलेला नसतोच.

हाताच्या सेन्सरचं काम सरळ आहे. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सतत फेकत असतो. तो प्रकाश हातावर आपटून परत आला की स्विच पडतो. पल्ला जेमतेम ५ ते १० सेंटिमीटर, त्यामुळे नुसतं समोरून गेल्याने काही होत नाही. कणकेचे, मिरचीचे, माशाचे हात कशालाही न लावता दिवा लावता येतो, आणि तुम्ही विझवेपर्यंत तो लागलेलाच राहतो. मात्र हात कुठला आणि झारा कुठला हे त्याला कळत नाही. ताटाळ्याला लागून बसवला तर ताट काढताना दिवा विझेल, ठेवताना पुन्हा लागेल. म्हणून तो कपाटाच्या पुढच्या कडेला, भांड्यांची ये-जा नसलेल्या कोपऱ्यात हवा. चकचकीत टाइल्सच्या अगदी जवळही नको.

पीआयआर याच्या उलट. तो स्वतः काहीच फेकत नाही, फक्त बघत राहतो. माणसाच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे साधारण १० मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीचे किरण, त्याच्या आतल्या दोन भागांवर पडतात. एका भागावरून उष्णता दुसऱ्यावर सरकली की त्याला हालचाल समजते. पुढचं दुधी, खवल्याखवल्यांचं भिंग खोलीचे पट्टे पाडून ही सरक ठळक करतं. त्यामुळे त्याच्यासमोरून आडवं गेलात तर तो चटकन ओळखतो, सरळ त्याच्या दिशेने चालत आलात तर उशिरा.

त्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर नजर ठेवून स्तब्ध उभं राहिलं की दिवा विझतो, कारण त्याच्या लेखी स्वयंपाकघरात कोणीच नाही. काचेतून त्याला दिसत नाही. शरीराच्या उष्णतेचे किरण साध्या काचेतून पलीकडे जातच नाहीत. त्यामुळे दिसायला छान म्हणून काचेच्या दारामागे बसवलेला पीआयआर आंधळाच. शिवाय त्याला माणूस आणि भोवताल यांच्या तापमानातला फरक लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीच ३६-३७ अंशांवर गेल्या, की हिवाळ्यात दारातूनच ओळखणारा सेन्सर अगदी जवळ गेल्यावर जागा होतो. अनेक पीआयआर दिव्यांत अंधार मोजणारा भागही असतो, त्यामुळे दिवसाच्या अंधुक उजेडातही ते बऱ्याचदा लागत नाहीत. तळमजल्यावरच्या अंधाऱ्या ओट्याला याचा काय उपयोग?

खरेदी करताना ओळखायचे कसे? दुधी घुमट दिसला तर पीआयआर. हाताच्या सेन्सरला बहुधा एखाददुसरा गडद ठिपका असतो. तरी शंका राहिली तर सेन्सर चालू असताना मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. हाताच्या सेन्सरचा ठिपका पुष्कळदा फिकट जांभळा चमकताना दिसतो. पीआयआर काहीच फेकत नसल्याने तिथे चमकायला काही नसतं.

माझं मत विचाराल तर ओट्यावर हाताचाच सेन्सर हवा. चिरताना, मळताना दिवा कधी विझवायचा हे यंत्राने ठरवू नये. पीआयआरची खरी मजा खाली आहे: ओट्याखालच्या कपाटांच्या तळाशी, पायांजवळच्या पट्टीत. रात्री पाणी प्यायला उठलात की जमिनीलगत मंद उजेड पडतो, डोळे दिपत नाहीत आणि बटण चाचपडावं लागत नाही. घरात मांजर असेल तर तिच्यासाठीही दिवे लागतील, एवढी तयारी ठेवा.

१२ व्होल्टच्या पट्टीसाठीचे हे छोटे सेन्सर अॅडॉप्टर आणि पट्टी यांच्यामध्ये बसतात. २३० व्होल्टच्या वायरवर ते जोडायचे नाहीत. मीटरला ९.६ वॅटची २ मीटर पट्टी म्हणजे १९.२ वॅट, म्हणजेच १.६ अँपिअर. सेन्सरवर लिहिलेली अँपिअरची मर्यादा त्याहून जास्त हवी आणि अॅडॉप्टर किमान २४ वॅटचा. भिंतीवरचं बटण चालूच ठेवायचं, नाहीतर दोन्ही सेन्सर मुके. वीज जाऊन आली की हाताचे बरेच सेन्सर बंद अवस्थेतच उठतात, एकदा हात फिरवावा लागतो. पीआयआरला स्थिरावायला अर्धा-एक मिनिट लागू शकतं, आणि तेवढ्यात कोणी नसताना दिवा लागला तर इलेक्ट्रिशियनला लगेच फोन करू नका.