ट्रकच्या टायरात हवा किती? आकड्यामागचा इतिहास

मार्च उजाडला की हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानांत एक सल्ला हमखास मिळतो: "ऊन वाढलंय, हवा जरा कमीच ठेवा." भरल्या ट्रकसाठी याहून घातक सल्ला नाही. हवेचा आकडा ऋतूवर नाही, वजनावर ठरतो, आणि हे कळायला ट्रकच्या जगाला बराच काळ लागला.

हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट टॉमसननं 1845 मध्येच घेतलं होतं. 1888 मध्ये बेलफास्टला डनलॉपनं तो सायकलला बसवला. मालट्रक मात्र पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक भरीव रबरावरच खडखडत होते; टनावारी माल हवा पेलेल यावर कुणाचा भरवसा नव्हता. 1917 मध्ये गुडइयर या टायर कंपनीनं अमेरिकेत ॲक्रन ते बॉस्टन हवेच्या टायरांवर ट्रक चालवून दाखवला, तेव्हा कुठे मतं बदलू लागली. वजन पेलते ती कोंडलेली हवा. रबर आणि आतले धागे तिला फक्त धरून ठेवतात. म्हणूनच अमुक मापाचा टायर, त्यावर अमुक किलो, तर अमुक हवा, असे तक्ते तयार झाले. टायर कंपन्या आजही ते देतात.

मग रेडियल आला, म्हणजे आतले धागे तिरपे न जाता एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जाणारा टायर. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीनं 1946 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, 1952 मध्ये तो ट्रकसाठी आणला. भारतीय ट्रकवर तो रुळायला एकविसावं शतक उजाडलं. तोवर टॉमीचा, म्हणजे लोखंडी दांड्याचा, ठोका मारून आवाजावरून हवा ओळखायची क्लीनरची पद्धत पक्की झाली होती. ठोक्यावरून बसलेला टायर कळतो, पण 80 आणि 110 पौंड (दर चौरस इंचावरचा दाब) यांतला फरक कळत नाही. त्यात रेडियलचं पोट हवा बरोबर असतानाही थोडं फुगलेलं दिसतं, त्यामुळे डोळाही फसतो. गेज लावण्याला पर्याय नाही.

आता उन्हाचं. सकाळी थंड टायरात 110 पौंड हवा असेल आणि तापमान 30 अंशांनी चढलं, तर गेज साधारण 12 पौंड जास्त दाखवतं. ही वाढ टायर बनवतानाच गृहीत धरलेली असते. ती पाहून हवा सोडली तर टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्याला बाजू जास्त वाकते, आणि त्या वाकण्यानंच टायर आतून तापतो. शेवटी थर सुटतात. अमेरिकेत ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीनं 65 लाख टायर परत बोलावले, तेव्हा हेच चव्हाट्यावर आलं. फोर्डनं एक्सप्लोरर गाडीसाठी 26 पौंडांची शिफारस केली होती, फायरस्टोन 30 म्हणत होती. टायरच्या रचनेतही दोष निघाले. पण कमी हवा, जास्त वजन आणि ऊन एकत्र आल्यावर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी तिथं कायदा झाला आणि पुढे हलक्या वाहनांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. अवजड ट्रक त्या सक्तीतून वगळले गेले, हे मला आजही खटकतं.

आपल्याकडे जुलै 2018 मध्ये केंद्रानं ॲक्सलवरच्या (चाकं जोडणाऱ्या आसावरच्या) वजनाची मर्यादा वाढवली. पुढच्या दोन टायरांच्या ॲक्सलला 6 टनांऐवजी 7, मागच्या चार टायरांच्या ॲक्सलला 10.2 ऐवजी 11.5. म्हणजे पुढच्या प्रत्येक टायरवर 3000 ऐवजी 3500 किलो, मागच्यावर 2550 ऐवजी 2875. आता 10.00आर20 मापाच्या 16 पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या मजबुतीचा दर्जा) टायरची बाजू वाचा. तिथं 146/143 असेल तर त्याचा अर्थ एकेरी टायरला 3000 किलो, जोडीतल्या प्रत्येकाला 2725. जुन्या मर्यादेत तो चपखल बसत होता. नव्या वजनाला पुढेही कमी पडतो आणि मागेही, आणि ही तूट जास्त हवा भरून दूर होत नाही. त्यासाठी वरच्या क्षमतेचा टायरच घ्यावा लागतो, आणि त्या टायरचा हवेचा आकडा त्याच्याच तक्त्यात पाहावा लागतो.